परदेशात गाडी चोरीला जाते तेव्हा

(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर मी बँकेत लोकांकडे कागद मागत आलो. 'हे आणा, ते आणा, झेरॉक्स जोडा.' २०१८ साली नेपाळात माझी मोटारसायकल चोरीला गेली आणि काउंटरच्या पलीकडे उभं राहायची पाळी माझ्यावर आली. आपल्या सोसायटीतली तरुण मंडळी हल्ली गाड्या घेऊन नेपाळ-भूतानला निघतात. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हा विषय घेतला.

सुनौलीहून भारतीय नंबरची गाडी पलीकडे न्यायची, तर नेपाळच्या कस्टमला, म्हणजे 'भन्सार'ला, जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यावी लागते. अट एकच, गाडी परत न्यायची. तिकडे गाड्यांवर कर भरमसाट आहे. त्यामुळे आणलेली गाडी परत गेली नाही, तर ती तिथेच विकली असा संशय घेतला जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट विम्याची. आपली पॉलिसी मुळात भारतापुरती असते. जादा हप्ता भरून नेपाळ, भूतान, बांगलादेश असे शेजारी देश तिच्यात घालता येतात. त्या शेऱ्याला 'आयएमटी १' म्हणतात. मी तो निघण्यापूर्वीच घेतला होता. एजंट 'चालतं हो साहेब' म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका. शेरा कागदावर हवा.

पोखऱ्याला हॉटेलच्या अंगणात हँडल लॉक करून लावलेली गाडी सकाळी जागेवर नव्हती. आमच्या हिच्या तोंडचं पाणी पळालं. आरसी आणि भन्सारची पावती माझ्या खिशात होती, म्हणून पोलिसांनी 'जाहेरी दरखास्त' लगेच लिहून घेतली. विमा कंपनीला तातडीने कळवायचं होतं, पण पॉलिसी घरच्या कपाटात! आमच्या घराची किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे असते. त्यांनी कपाट उघडून पॉलिसीचे फोटो अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर पाठवले. परतताना भन्सारवर पोलिसांचा कागद दाखवला. तास-दीड तास बसवून ठेवलं, पण सोडलं.

खरी गंमत इकडे आल्यावर. नेपाळी कागद देवनागरीत, त्यामुळे वाचायला अडचण नाही. पण तारीख होती कार्तिक २०७५. कंपनीतला मुलगा म्हणाला, "काका, हे साल अजून यायचंय." तिकडे सरकारी कामकाज विक्रम संवतात चालतं, हे त्याला कॅलेंडर काढून समजावलं. भाषांतर, दोन्ही किल्ल्या, आरसी, गाडीचा तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल, सगळं द्यावं लागलं. त्या अहवालासाठीच कित्येक महिने गेले.

पैसे मिळाले, पण नव्या गाडीचे नव्हेत. चोरीत मिळते ती पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला कंपनीच्या किमतीतून ३० टक्के घसारा वजा करून ती ठरते. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी होती, तेव्हा तो फरक टोचला. नवी घेण्याचं मग मनावर घेतलं नाही.

तरुणांनो, जरूर फिरा. कागदांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, दुसरी किल्ली घरी ठेवा आणि घराची किल्ली शेजारी. पंचवीस वर्षांत आपण इमारतीला दोनदा रंग काढला, लिफ्ट बदलली. पण बिनधास्त किल्ली देता येईल असे शेजारी मिळाले, ही मला सगळ्यात मोठी कमाई वाटते.