मिश्री म्हणजे तंबाखूच



आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या दंतवैद्यकीचे शिक्षण घेत आहे. गेल्या सुट्टीत ती घरी आली असता अम्मीची दुखरी दाढ मी तिला दाखविली.

"खाला, तंबाखू खाता का?"

"तौबा! मुळीच नाही."

"मग दात कशाने घासता?"

"मिश्रीने."

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. मी बी.ए., बी.एड्. झालेला माणूस हे रोज पाहत होतो!

त्यांना कॉलेजात पाच पायऱ्या शिकवितात. रुग्णाला विचारा, सल्ला द्या, त्याची तयारी अजमावा, मदत करा, पुन्हा बोलवा. पहिलीच पायरी अवघड, असे ती म्हणाली. नुसते 'तंबाखू' म्हटले की 'नाही' असेच उत्तर येते. म्हणून विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा, पानातला जर्दा असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, तर चघळण्या-लावण्याचा तंबाखू वापरणारे २१.४ टक्के.

अम्मीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. मुलगी रागावली नाही. मिश्री केव्हा लावता, न लावल्यास काय होते, एवढेच तिने विचारले आणि चट्टा तपासून घेण्यासाठी तिला स्वतः रुग्णालयात नेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. चार वेळची मिश्री आता एका वेळेवर आली आहे. सकाळची मात्र सुटत नाही.

निघताना तिने माझ्या खिशाकडे पाहिले. "सर, तुम्ही दिवसाला किती ओढता?"

मी दोन कमी करून सांगितल्या.