रहिवासी संघ कोणाचा?

(चाळकऱ्यांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढे नळ, घरगल्ली, गटार आणि जमाखर्च यांविषयी बोलणार आहे. व्यासपीठावरून बोलावयास हे विषय क्षुद्र आहेत असे ज्यांना वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा. माणसाच्या हक्काची कसोटी विधिमंडळात जितकी लागते तितकीच ती पहाटे नळावर लागते. राज्यघटनेने तुम्हांस मत दिले, समतेचा हक्क दिला, १९ व्या कलमाने संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु दोन हंडे पाण्यासाठी ज्या बाईला पहाटे साडेचारला उठून शेजारणीशी भांडावे लागते, तिच्या उंबऱ्यापर्यंत ती घटना अद्याप पोहोचलेली नाही. ती पोहोचविणे हे सरकारचे आणि महापालिकेचे काम आहे यात शंका नाही. पण त्यांच्याकडून ते काम करवून घेणारा कोणीतरी हवा, आणि तो म्हणजे रहिवाशांचा संघ होय.

कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते हे तुम्हांला नव्याने सांगावयास नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, दप्तरात नोंदला गेला आणि तळ्याच्या पाण्याला मात्र कोणाला हात लावता आला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे चालत गेली तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ प्राप्त झाला. त्यावर त्याच नगरपालिकेने तो ठराव त्याच वर्षी रद्द केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. तेरा वर्षे! त्या तेरा वर्षांत हक्क जिवंत ठेवला तो संघटित माणसांनी.

आता आपल्या चाळींकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली सुधार ट्रस्ट निघाला आणि त्या ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेबांनी संसार केला, अभ्यास केला, चळवळ उभी केली. पुढे १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांची संख्या २०७. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सामाईक. या रचनेचा विचार करा. अशा घरात कोणी एकटा राहूच शकत नाही. नळ सामाईक, संडास सामाईक, जिना सामाईक, गॅलरी सामाईक. ज्या माणसाला शेजाऱ्याशी बोलावयाचे नाही त्यालाही शेजाऱ्याच्या मागे रांगेत उभे राहावे लागते. म्हणून चाळकऱ्यांचे संघ कोणा पुढाऱ्याच्या प्रेरणेने जन्मले असे मी मानत नाही. ते या सामाईक भिंतींतून जन्मले. आज यांपैकी कित्येक चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. त्यामुळे संडास घरात येईल. पाण्याची टाकी, कचरा, गटार आणि देखभालीचा खर्च मात्र सामाईकच राहणार आहे.

पाण्यापासूनच आरंभ करू. पाणी कमी येते अशी तक्रार घेऊन तुम्ही वॉर्ड ऑफिसात जाता. जावेच. परंतु जाण्यापूर्वी आपल्याच चाळीतून एक फेरी मारा आणि कोणाकोणाच्या खोलीत नळाला मोटार जोडलेली आहे ते पाहा. पहिल्या मजल्यावर चार मोटारी सुरू झाल्या की तिसऱ्या मजल्याचा नळ नुसता फुसफुसतो. आणि बहुधा त्यांतली एक मोटार संघाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याची असते. अशा संघाचा अर्ज इंजिनिअर का वाचील? पहिला ठराव स्वतःवर करावा लागतो. पाणी येण्याच्या वेळेत मोटार लावावयाची नाही, लावल्यास ती सर्वांसमक्ष काढावयाची. हा नियम जो संघ अध्यक्षालाही लागू करू शकतो, त्याच्याच अर्जाला वजन येते.

चाळीच्या मागे झोपड्या असतात. तेथील माणसे पाण्याला आली की काही चाळकरी म्हणतात, हे अनधिकृत आहेत, यांना पाण्याचा हक्क नाही. हे म्हणणे कायद्याने खोटे ठरलेले आहे. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना मुंबई महापालिका नळजोडणी देत नसे. पाणी हक्क समितीने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की, झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क हा २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सार्वजनिक नळाने का होईना, पाणी दिलेच पाहिजे. त्यानंतर सर्वांना पाणी देण्याचे धोरण महापालिकेने अंमलात आणले ते मे २०२२ मध्ये. येथेही निकाल आणि अंमल यांच्यामध्ये सात वर्षांहून अधिक काळ गेला.

घरगल्लीविषयी मला जरा अधिक बोलावयाचे आहे. दोन चाळींमधली ती अरुंद बोळ सर्वांना माहीत आहे, पण तिच्याकडे पाहावयाचे नाही असा आपण जणू करार केलेला आहे. वरच्या खिडकीतून केसांचे गुंते, उष्टे, फुटक्या बाटल्या, मुलांची घाण आणि प्लास्टिकच्या पिशव्या त्या बोळात पडतात. पावसाळ्यात पाणी तुंबते, उंदीर होतात, तळमजल्यावरच्या मुलांना ताप येतो, आणि मग संघ तक्रार करतो की सफाई होत नाही. सफाई कोण करतो? तुमच्यासारखाच एक माणूस त्या बोळात वाकून शिरतो. तो खाली वाकलेला असताना वरून पिशवी येऊन पडते. स्वतःस समतेचे पाईक म्हणविणाऱ्यांच्या खिडक्यांतूनही ती पडते, हे मी मुद्दाम सांगतो. त्या माणसाचे नाव तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुकादमाचे नाव सर्वांना ठाऊक असते, कारण त्याच्याकडे तक्रार करावयाची असते. माझी सूचना अशी आहे की, घरगल्लीविषयी सभा घ्याल तेव्हा त्या सफाई कामगाराला बोलवावे, खुर्ची द्यावी आणि प्रथम त्याला बोलू द्यावे. कोणत्या खिडकीखाली काच पडते, कोठला पाइप गळतो, कोठे जाळी बसविली असता काम निम्मे होईल, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते.

गटाराच्या बाबतीत तर कायदाच तुमच्या दाराशी उभा आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा केवळ सरकारी खात्यांसाठी आहे असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. गटारात वा सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांवाचून उतरविणे हा कोणाही व्यक्तीने वा संस्थेने केला तरी गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गटारात मृत्यू पावणाऱ्याच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरविले. तेव्हा 'पाचशे रुपयांत एक माणूस येतो, लगेच मोकळे करून देतो' असे ज्या दिवशी तुमचा चिटणीस म्हणेल, त्या दिवशी त्याला जागीच थांबवा. यंत्राची गाडी येईपर्यंत दुर्गंधी सोसावी लागली तर ती सोसावी.

झाकणांचेही तसेच. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईत एक नामांकित डॉक्टर गुडघाभर पाण्यातून घरी जात असता उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी ओसरावे म्हणून ते झाकण काढण्यात आले होते. आपल्या गल्लीतले पाणी घालवावयाचे आणि पुढचा माणूस कोठे पाय ठेवील याची चिंता करावयाची नाही, असा हा प्रकार आहे. झाकण काढावे लागलेच तर तेथे बांबू रोवून माणूस उभा करावयाचा, हे काम ठरवून देण्यासाठी संघ हवा.

आता दप्तर. आपले लोक मोर्चाला हजारोंनी येतात आणि अर्जाची पोच मागावयास लाजतात. वॉर्ड ऑफिसात तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि ती फाइलला लावा. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत विचारा की, या क्रमांकाच्या अर्जाचे काय झाले. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वर्गणीची पावती फाडा आणि जमाखर्च दर महिन्यास जिन्याखालच्या फळ्यावर लावा. ज्या संघाचा हिशेब खजिनदाराच्या खिशात असतो तो फार काळ टिकत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ शहरात एकही निर्वाचित नगरसेवक नव्हता. त्या काळात ज्या वस्त्यांपाशी आपली फाइल होती त्यांना बोलावयास आधार होता. बाकीच्यांना कोणाचे दार ठोठवावे हेच कळेना.

इतके सांगून मी मूळ प्रश्नाकडे येतो. संघ कोणाचा? संघ करण्याचे स्वातंत्र्य दुधारी आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत असा निर्णय दिला की, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध आहे. त्या निर्णयाशी माझा मतभेद आहे. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले त्यांना 'सभासद कोण' या प्रश्नाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. शहरातल्या सुखवस्तू वसाहतींचे संघ फेरीवाल्यांना हटविण्यासाठी धावतात, मोलकरणींना वेगळी लिफ्ट दाखवितात, आणि याला परिसर सुधारणा म्हणतात. उलट २०१४ च्या फेरीवाल्यांच्या कायद्याकडे पाहा. त्याने नेमलेल्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, आणि त्याच मेजाशी रहिवासी संघांचेही प्रतिनिधी बसावयाचे आहेत. भांडावयाचे तर समोरासमोर बसून भांडा, असे तो कायदा म्हणतो.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. घरी गेल्यावर आपल्या संघाची घटना काढून वाचा. 'खोलीच्या भाडेपावतीवर ज्याचे नाव तोच सभासद' असे तीत लिहिलेले आढळेल. मग पोटभाडेकरू बाहेर. चाळीमागच्या झोपडीतला बाहेर. आणि पावती नवऱ्याच्या वा सासऱ्याच्या नावावर असल्यामुळे जवळजवळ सर्व बायका बाहेर. नळावर उभी राहते ती, संडासाच्या रांगेत मूल घेऊन ताटकळते ती, तुंबलेले पाणी खोलीतून उपसते ती. आणि पाणी, संडास व गटार यांवर मत देतो तो, जो सकाळी आठला कामावर जातो. पुढच्या सर्वसाधारण सभेत दुसरा कोणताही विषय घेण्यापूर्वी हे कलम बदला. चाळीत आणि चाळीच्या आवारात राहणारी प्रत्येक सज्ञान व्यक्ती सभासद, वर्गणी दर माणशी अल्प, आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांच्या, असा ठराव मी सुचवितो. त्याला विरोध होईल. तो झाला तर इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या.

आणि ही सभा नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी ठेवू नका. त्या वेळी पाणी येते, आणि बायका खाली नळावर असतात. ती दुपारी चारला ठेवा.