घास हेही औषधच



तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचार सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, लाळ आटते, पाण्याचा घोटही झोंबतो. आमच्या ज्येष्ठ बंधूंनी तेव्हा अन्नच सोडले. नाकातून नळी घालणे म्हणजे शेवट, अशी आमचीही समजूत होती. वजन घटून डोके स्थिर ठेवणारा मुखवटा सैल झाला, तेव्हा डॉक्टरांनी आम्हांस समजावले: नळी असते ती उपचार तडीस जाण्यासाठी. आम्ही ती स्वीकारली. उपचार पुरे झाले.

तिखट, आंबट, कढत टाळावे. तूप घातलेली मऊ खिचडी, दुधातील नाचणीची खीर थोडीथोडी, वारंवार द्यावी. पाणी दिवसभर घोटाघोटाने. लघवी कमी वा गडद झाल्यास डॉक्टरांस त्वरित कळवावे.

परप्रांती नातलग जवळ नसतात. तेथे मऊ भाताचा डबा मंडळाने पोचवावा, ही विनंती.