दान की देणं?



आपल्या मुळशीचं पाणी कुठं जातं, ठाऊक आहे ना? टाटांच्या कंपनीनं मुळा अडवली, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला नेलं, त्याची वीज झाली. १९२१ च्या रामनवमीला आपले मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी. तरी गावं पाण्याखाली गेलीच. म्हणजे दिवा एकाच्या घरी लागला, देवघर दुसऱ्याचं बुडालं. मग सांगा, निसर्गावर कमावणाऱ्यानं झाडापाण्यासाठी चार पैसे काढले, तर ते दान की देणं?

२०१३ चा कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांना सांगतो, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले शंभराला दोन रुपये समाजकार्याला लावा. पर्यावरण त्यातलंच एक काम. चांगलं आहे! पण एका हातानं रोप लावायचं आणि दुसऱ्या हातानं सांडपाणी ओढ्यात सोडायचं, ही वही पांडुरंगापुढं उघडता येईल का हो?

आणि नुसतं कंपनीकडं बोट दाखवू नका. धरणाकाठी कुणाचं हॉटेल आहे, कुणाची भज्यांची गाडी. तुम्हाला तो कायदा लागू नाही, धर्म लागू आहे. गल्ल्यातला थोडा वाटा मातीसाठी बाजूला ठेवा. पावसाळ्यात रोप लावणारे पुष्कळ. वैशाखात त्याला घागरभर पाणी घालायला जातो, तो खरा वारकरी. नावाची पाटी नको. ज्याचं घेतलं, त्याचं त्याला दिलं, एवढंच.

रामकृष्ण हरि!