अडखळतंय कोण?



मी कविता करणारा माणूस. तंत्रज्ञानावर बोलायला मला कुणी बोलावेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बी.ए.ला मराठी घेतलं, पुढे अकोल्यातच प्रवरेच्या काठी आयुष्य गेलं. घरात संगणक आला तो २०१३ साली, कविता टंकायला. त्या कामाला तो आजही उत्तम आहे. कवितेच्या ओळीला जेवढा वेग लागतो, तेवढा त्याच्यात अजून शिल्लक आहे. पण गेल्या वर्षी त्याच्यापुढे असं एक काम आलं, की त्याची आणि माझी, दोघांचीही दमछाक झाली.

झालं असं. मे महिन्यात अम्मी राजूरला आपाकडे राहायला गेली होती. आपाच्या घरी अजून जातं आहे. चालू जातं, अंगणात शोभेला मांडलेलं नव्हे. भाच्याने नवा मोबाईल घेतला होता. नवा मोबाईल घेतलेला मुलगा काय करतो? दिसेल त्याचं चित्रण करतो. एका सकाळी अम्मी आणि आपा समोरासमोर जात्यावर बसल्या आणि अम्मीने ओव्या म्हणायला सुरुवात केली. आमच्या घरातली बोली दखनी. पण जात्याचा खुंटा हातात आला की अम्मीच्या तोंडी मराठीच येते. तिच्या सासूने तिला ती तशीच दिली. भाच्याने सहा मिनिटं चित्रण केलं आणि तो विसरून गेला.

ऑगस्टमध्ये अम्मीला अर्धांगाचा झटका आला. हात थोडा सुधारला, बोलणं मात्र राहून राहून येऊ लागलं. एक शब्द निघतो, दुसरा ओठांपर्यंत येऊन थांबतो. गाणं तर नाहीच. तेव्हा भाच्याला ते चित्रण आठवलं. मोबाईलच्या इवल्या पडद्यावर तिला नीट दिसत नव्हतं, मोतीबिंदूही आहे. म्हणून मी म्हटलं, आपण संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लावू. घरची सगळी जमली. अम्मीला खुर्चीवर टेकवून बसवलं.

आणि चित्र अडखळू लागलं. जातं अर्धा वेढा फिरून थांबे, मग एकदम पुढे उडी मारी. अम्मीचं तोंड अर्धवट उघडं राहून तसंच गोठे. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग अम्मीने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, तुटक तुटक विचारलं, "मैं... तबीच... ऐसी अटकती थी... क्या रे?"

मी तेव्हाही अशीच अडखळत होते का, असं ती विचारत होती. मी पटकन संगणक बंद केला. तिला नाही म्हणालो, पण डोळ्यांनी पाहिलेल्यापुढे मुलाच्या शब्दाची किंमत किती?

दुसऱ्या दिवशी फाईल पेनड्राइव्हवर घेऊन एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने दोन मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला : "काका, फाईल करप्ट आहे." वर सल्ला दिला की मोबाईल एकदा फॉरमॅट मारून घ्या. नशीब माझं, की भाचा त्या दिवशी संगमनेरला गेला होता आणि मोबाईल त्याच्या खिशात होता. नाहीतर ते अस्सल चित्रण त्याच दिवशी पुसलं गेलं असतं. कुणीतरी सुचवलं की व्हॉट्सॲपवरून मागवा, फाईल हलकी होते. भाच्याने तुकडे करून पाठवली. हलकी झाली खरी. चित्र सुरळीत चाललं, पण त्यात काय उरलं? अम्मीच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा एक हिरवा डाग झाला होता. जात्याभोवती पडणारं पीठ दिसतच नव्हतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो जसाच्या तसा जातो, पण तिथे दोन जीबीची मर्यादा आहे आणि आमची फाईल जवळजवळ अडीच जीबीची होती.

मग मी स्वतःच मागे लागलो. मला वाटतं, पहिला शहाणपणाचा प्रश्न मला फार उशिरा सुचला : हेच चित्रण मोबाईलवर कसं चालतं? भाचा परत आल्यावर पुन्हा लावून पाहिलं. लोण्यासारखं चाललं. एकही झटका नाही. म्हणजे फाईल शाबूत होती. खोट तिच्यात नव्हती, वाचणाऱ्यात होती. तेवढं कळल्यावर माझी अर्धी काळजी गेली. श्रोतेहो, तुमच्या घरी असं झालं तर आधी एवढं करून पाहा. आणि ते होईपर्यंत मोबाईलमधलं काहीही पुसू नका.

पुढचं समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. हलतं चित्र म्हणजे स्थिर चित्रांची माळ. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आणला. (नाव हरिश्चंद्राचं, आणि त्याचा गड आमच्या तालुक्यात! असो.) त्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. रोज थोडं थोडं चित्रण करायचं, आणि मग सगळं सलग दाखवायचं. पाहणाऱ्याला बी डोळ्यांदेखत वाढताना दिसे. पुढे बोलपट आले आणि सेकंदाला चोवीस चित्रं हा रिवाज पडला. भाच्याच्या मोबाईलने सेकंदाला साठ चित्रं टिपली होती. आणि प्रत्येक चित्र फोर-के, म्हणजे ३,८४० गुणिले २,१६० ठिपके. कागदावर गुणाकार केला. एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके, सेकंदाला सुमारे ५० कोटी. जुन्या फुल एचडी पद्धतीत सेकंदाला तीस चित्रं असली, तर हाच आकडा सव्वासहा कोटींच्या आत राहतो. आठपट फरक! एक चित्र उलगडायला सेकंदाचा साठावा हिस्सा मिळणार. तेवढ्यात जमलं नाही, तर संगणक ते चित्र गाळतो आणि पुढचं धरायला धावतो. अम्मीचं तोंड गोठत होतं ते यामुळे.

पण नुसते ठिपके जास्त, एवढंच नाही. ते लिहिण्याची लिपीही निराळी. एवढे ठिपके सगळेच्या सगळे साठवायला मोबाईल पुरणार नाही. म्हणून एक चित्र पुरतं लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच नोंदवायचं, अशी युक्ती असते. जात्यामागची भिंत हलत नाही, ती पुन्हा पुन्हा कशाला लिहा? या लघुलेखनाची एक पद्धत २००३ साली आली, तिला एच.२६४ म्हणतात. २०१३ साली तिच्यापुढची आली, एच.२६५ किंवा एचईव्हीसी. तेवढ्याच स्पष्टतेचं चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. आयफोनमध्ये २०१७ पासून ती आली, आज बहुतेक चांगल्या मोबाईलमध्ये आहे.

मला आठवली मोडी. आमच्या आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद मोडीत आहेत. लिहिणाऱ्याने हात न उचलता भराभर लिहिलं. मोडी जाणणारा ते घडाघडा वाचतो. मी बाळबोधवाला. एकेक अक्षर लावत बसतो, घाम फुटतो, मधेच ओळ सुटते. म्हणून कागद खोटा आहे, असं कुणी म्हणेल का? माझा संगणक असाच बाळबोधवाला निघाला. नव्या संगणकांच्या चिपमध्ये एचईव्हीसी उलगडणारा एक वेगळा भागच असतो. इंटेलच्या चिपमध्ये तो साधारण २०१५-१६ पासून येऊ लागला. माझा २०१३ चा. त्याच्यात तो भाग नाही, म्हणून सगळं ओझं मुख्य प्रोसेसरच्या पाठीवर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे पाहिलं, तर चित्रण चालू असताना सीपीयूचा आकडा शंभर टक्क्यांना टेकलेला. बिचारा.

अर्थात प्रत्येक वेळी कारण हेच असेल असं नाही. मलाही सुरुवातीला दोन दुखणी एकात मिसळलेली दिसत होती. पहिल्या दिवशी आम्ही मोबाईल केबलने जोडून थेट त्यातूनच चित्रण लावलं होतं. तेव्हा चित्र आणि आवाज दोन्ही थांबत होते. नंतर फाईल संगणकाच्या डिस्कवर उतरवून घेतली, तेव्हा आवाज सलग आला आणि चित्रच तेवढं अडलं. हा भेद फार कामाचा आहे. दोन्ही थांबत असतील, तर फाईल पुरेशा वेगाने पोचत नाही असा संशय घ्यावा. केबल, जुना पेनड्राइव्ह, भरत आलेली डिस्क किंवा मागे चालू असलेली व्हायरस-तपासणी, यांपैकी काहीतरी. आवाज नीट आणि चित्र अडत असेल, तर उलगडणारा कमी पडतोय.

मग व्हीएलसी नावाचा मोफत प्लेअर घेतला. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो उभा राहिला. त्याच्या सेटिंगमध्ये इनपुट आणि कोडेक्सखाली हार्डवेअर डिकोडिंग असा एक पर्याय असतो. तो ऑटोमॅटिक ठेवला तर चिपमधल्या त्या खास भागाला काम मिळतं. ज्यांचा संगणक थोडा नवा आहे त्यांचं काम तेवढ्यावर भागतं. कधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असेल, तर उलट तो पर्याय बंद करून सुधारणा होते. दोन्ही करून पाहावं, पैसे पडत नाहीत. माझ्याकडे तो भागच नाही, त्यामुळे फरक पडला तो उन्नीस-बीस. विंडोज १० चा आधार कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला, आता नवा संगणकच घ्या, असंही काहींनी सांगितलं. सहा मिनिटांसाठी?

शेवटी उपाय सापडला तो लिप्यंतराचा. मोडी कागद बाळबोधीत उतरवून घेतात ना, तसा. हँडब्रेक नावाचं तेही मोफतच सॉफ्टवेअर. अस्सल फाईलला हात न लावता तिची दुसरी प्रत करायची : एच.२६४, फुल एचडी, सेकंदाला तीस चित्रं. तिथे चित्रांचा वेग कॉन्स्टंट ठेवायचा, हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. मोबाईल उजेड कमी-जास्त झाला की चित्रांचा वेग बदलत राहतो. तो तसाच राहिला तर काही ठिकाणी आवाज आणि ओठ यांचं जमेनासं होतं. एकूण चित्रं एकवीस हजार सहाशे, माझा संगणक एकेक करत लावणार. पहिल्या रात्री साठ टक्क्यांवर लाईट गेली. अर्धवट झालेली प्रत उघडतच नाही, सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या रात्री शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर उसना आणला. तास-सव्वा तास मी त्या सरकणाऱ्या पट्टीकडे पाहत बसलो होतो. बाहेर भंडारदऱ्याकडून आलेला पाऊस, आणि आत पंख्याची घरघर. जात्याचीच वाटावी अशी.

त्या रात्री मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम आठवत होतं. पुण्याच्या या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रणंही झाली. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आज ऐकता येतात. गंमत अशी की गी पॉइतवाँ मूळचे फ्रान्सचे, आणि अम्मीची ओवी दाखवू पाहणारा माझा प्लेअरही तिथलाच! त्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन पायपीट केली. आज प्रत्येक घरात कॅमेरा आहे, आणि जातं मात्र हजारात एखाद्या घरी. ज्या घरात ते आहे, तिथल्या पोरांना माझं सांगणं एवढंच : चित्रण करण्याआधी मोबाईलच्या कॅमेऱ्यात फुल एचडी आणि तीस चित्रं निवडा. आयफोन असेल तर फॉरमॅट्समध्ये मोस्ट कम्पॅटिबल. फोर-के करायचंच असेल तर खुशाल करा, स्पष्टता अप्रतिम असते. पण मग अस्सल प्रत दोन ठिकाणी जपा आणि दाखवायला दुसरी काढा. नव्या फोर-के टीव्हीला पेनड्राइव्ह लावला, तर बहुधा कशाचीच गरज पडत नाही. आमच्याकडे तो टीव्ही नाही.

प्रत तयार झाली, तीनशे एमबीच्या आत. मी आधी एकट्याने पूर्ण पाहिली. मग दुपारी अम्मीला खुर्चीवर बसवलं. या वेळी घरच्यांना बोलावलं नाही, आपा तेवढी होती. जातं फिरू लागलं. गोल, सलग. अम्मी पडद्यावर गात होती आणि ओळ संपताना तिचा आवाज जसा खाली उतरतो, तसाच उतरत होता. ओठ आवाजाबरोबर होते.

सहाही मिनिटं ती हलली नाही. चित्र संपल्यावर मी विचारलं, "अम्मी, कुठे अडकलीस?"

तिने मान हलवली. मग डावा हात उचलून पडद्याकडे, आपाच्या मुठीकडे बोट दाखवलं आणि बराच वेळ घेऊन म्हणाली, "वैरण... जास्त डाली इसने... आटा मोटा पडा."

आपा म्हणाली, "अम्मी, तेव्हा का नाही सांगितलंस?"

अम्मीने पुन्हा लाव, अशी खूण केली.