पेशीतील एका कामकऱ्याची गोष्ट



कामगार चळवळीतल्या माणसाने पेशीविज्ञानावर का बोलावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर सरळ आहे. हा विषय एका कामकऱ्याचाच आहे.

आपल्या शरीरातील पेशीला बाहेरचा माल आत घ्यावा लागतो. रक्तातील लोह हे त्याचे एक उदाहरण. पेशीचे पटल जागोजागी आत खोलगट होते, त्याची इवलीशी थैली बनते आणि ती सुटून आत जाते. या थैलीवर प्रथिनाची जाळी चढते. केंब्रिज येथील विदुषी बार्बरा पिअर्स यांनी १९७६ साली या प्रथिनाला क्लॅथ्रिन हे नाव दिले. त्याचा रेणू तीन पायांचा असतो. पायात पाय गुंतले की पाटीसारखी जाळी तयार होते. झाले! माल आणणारा म्हणून त्याचा हुद्दा हजेरीपटावर पक्का झाला.

आता पेशी दुभंगते तेव्हा काय होते ते पाहू. माणसाच्या पेशीतील ४६ गुणसूत्रांच्या प्रती होतात आणि दोन्ही नव्या पेशींना ४६-४६ मिळाव्या लागतात. ही वाटणी सूक्ष्म नलिकांची चाती करते. नलिकांची जुडगी गुणसूत्रांना धरून ओढतात. आपल्या पैठणीच्या मागावर ताण्याचे दोरे नुसते शेजारी असून भागत नाही, त्यांचा ताण राखावा लागतो. तसेच येथेही आहे.

क्लॅथ्रिन या चातीवर दिसते, हे पूर्वीच लक्षात आले होते. पण तेथे त्याचे काम काय? रॉयल, ब्राइट आणि लॅग्नाडो यांनी २००५ साली पेशीतील क्लॅथ्रिन कमी करून पाहिले. जुडगी कमकुवत झाली, गुणसूत्रे मध्यावर नीट जमेनात, विभाजन रेंगाळले. आम्हां संपवाल्यांना ही रीत ओळखीची आहे. कोणावाचून काय अडते, हे तो कामावर आला नाही म्हणजे कळते!

परंतु शंका रास्त आहे. आधी माल आला नाही म्हणून पुढे अडले नसेल कशावरून? तेव्हा २०१३ साली विभाजन चालू असतानाच, क्लॅथ्रिन व त्याच्या दोन साथीदारांनी नलिकांमध्ये बांधलेले पूल तेवढे चातीवरून काढले गेले. तरीही जुडग्यांचा ताण बिघडला. म्हणजे काम खरोखर त्याचेच होते.

यावरून एखादा मालक म्हणेल, "पाहा, एकाच माणसाने दोन कामे करावीत हा सृष्टीचाच नियम." त्याने पुढचेही वाचावे. विभाजनाच्या वेळी माल आत घेणे पुष्कळ मंदावते. किती, याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. नव्या कामासाठी जुन्याचा भार उतरतो, हे मात्र ध्यानात घ्यावे.

वाटणी चुकली तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो, आणि असा बिघाड कर्करोगाच्या पेशींत वारंवार आढळतो. म्हणून हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हे. हुद्द्यावरून कामकऱ्याची किंमत करणारा अर्धेच काम पाहतो. ज्यांनी हुद्द्यापलीकडे पाहिले, त्यांनाच चातीवरचे हे हात दिसले.