संमतिवय आणि आईवडिलांचा अधिकार

१८६० च्या भारतीय दंड संहितेत मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला कायदेशीर होकार देता येण्याचं वय, होतं अवघं १० वर्षं! १८९१ मध्ये ते १२ झालं, तेही लोकमान्य टिळकांसारख्यांच्या कडव्या विरोधानंतर. त्याआधी मुंबईच्या रखमाबाईंनी बालपणी झालेल्या लग्नाचा संसार साफ नाकारला होता. १८८७ मध्ये न्यायालयानं नवऱ्याकडे नांदायला जायचा आदेश दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

आज, मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, संमतिवय १८ आहे. २०१२ पूर्वी ते १६ होतं. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीनं स्वतःहून होकार दिला, तरी कायद्याच्या लेखी तो होकार नाहीच. ती मित्राबरोबर घर सोडून गेली आणि वडिलांनी तक्रार दिली, तर मुलावर अपहरणाचा आणि लैंगिक अत्याचाराचाही गुन्हा लागू शकतो. २०२३ मध्ये विधी आयोगानं वय कमी करू नये असंच सुचवलं. मात्र सोळा ते अठरा वयातल्या प्रेमसंबंधांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना विवेकाधिकार असावा, असंही म्हटलं. मला हे पटतं. मोठ्यांच्या वासनेपासून मुलांना वाचवणारा कायदा कडकच हवा. पण मुलामुलीच्या प्रेमात जात आड आली म्हणून आईवडिलांनी या कायद्याचा धाक घालणं हा अन्याय आहे.

पालकहो, मुलांना हा कायदा घरीच समजावून सांगा, त्यांचंही ऐकून घ्या. आणि खरोखर अत्याचार होत असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर लगेच फोन करा.